वाटेवरचे निमित्त

सज्जनहो, गेल्या वैशाखात कीर्तनसेवेसाठी पैठणास जाऊन आलो. परतल्यावर संपादकांचा निरोप आला की, वाचकांना क्षेत्राचे दर्शन घडेल असे काही लिहून पाठवा. लिहावयास बसलो; पण लेखणी पैठणला पोचेचना. शेवगाव सोडल्यावर रस्त्याच्या डाव्या अंगाला एक बाभूळ आहे, तिथेच ती अडून बसली. दोन-तीनदा कागद फाडले. अखेर म्हटले, जिथे अडली आहे तिथूनच लिहावे. पैठण कुठे पळून जात नाही.

आम्ही पहाटे निघालो. मोटार आमच्या एका टाळकऱ्याच्या मुलाची आणि चालविणाराही तोच. मागच्या बाकावर आमचे पखवाजी, आणि त्यांच्या शेजारी एका माणसाची जागा व्यापून पखवाज. मी पुढे. नगर मागे टाकले. त्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण म्हाताऱ्या जिभेला अजून वळण पडायचे आहे. नेवाशास थांबलो. ज्या खांबाला टेकून माउलींनी शके १२१२ मध्ये गीतेचे निरूपण केले, त्या खांबावर डोके ठेवले की उठावेसे वाटत नाही. तिथे वेळ गेला. मग एका माळकऱ्याच्या घरी पिठलं-भाकरी झाली, भाकरीमागून डोळा लागला, आणि शेवगाव गाठेपर्यंत चार वाजले. सहाला कीर्तन. त्याआधी गंगेत स्नान आणि नाथांचे दर्शन व्हावे ही इच्छा. गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात; मीही तसेच म्हणतो.

ऊन असे की रस्त्यावर पाणी साचल्याचा भास व्हावा. मोटारीच्या काचा वर, आत थंड हवा. पायाशी पाण्याने भरलेला फिरकीचा तांब्या. त्या बाभळीच्या विरळ सावलीत एक बाई बसली होती. उन्हातान्हात राबणाऱ्या बाईचे वय चेहऱ्यावरून सांगता येत नाही. मांडीवर चार-पाच वर्षांचे पोर आडवे पडलेले, शेजारी बोचके. त्या भागातली पुष्कळ माणसे ऊसतोडीला जातात नि हंगाम संपला की परततात. त्यांतली असेल, नसेल. मोटार दिसताच तिने हात वर केला आणि तोंडाने काही बोलली. ओठ हललेले मी पाहिले. काचा वर होत्या, शब्द आत आला नाही.

पोरगा म्हणाला, "महाराज, थांबू का?"

मी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "पुढं बघू."

एवढेच घडले. यापलीकडे या लेखात घटना म्हणून काही नाही. मोटार तर माझे वाक्य पुरे होण्याआधीच पुढे गेली होती. पण पुढे मी काय बघणार होतो? बाई मागे होती. 'पुढं बघू' हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो आणि त्यांचा अर्थ 'नको' असा असतो, हे मला त्या दिवशी साठी उलटल्यावर समजले.

पूल आला. पुलावरून डावीकडे धरणाची भिंत दिसते. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केले. भिंतीची लांबी सुमारे १० किलोमीटर. वरच्या जलाशयाला नाथसागर हे नाव दिले आहे, आणि जो मनुष्य तहानेचे नाव निघताच स्वतःचे पुण्य ओतून मोकळा होत असे, त्याचे नाव पाण्याला द्यावे यात औचित्य आहे असे मला नेहमी वाटत आले. त्या पाण्यावर मराठवाड्यातली किती रानं भिजतात, किती घरांचे माठ भरतात. मात्र वर तेवढा सागर आणि खाली पुलाखाली वैशाखात ओढ्याएवढी धार, खडक उघडे, असे ते दृश्य. स्नान म्हणजे गुडघाभर पाण्यात बसून अंगावर तांब्याने ओतून घेणे. तांब्या तोच, मोटारीतला. अजून निम्मा भरलेला होता. गंगेचे पाणी घेण्यासाठी आतले पाणी मी वाळूत ओतून दिले, आणि ओतताना हात थबकला. वाळूने ते क्षणात पिऊन टाकले.

पैठण हे फार जुने गाव. प्रतिष्ठान म्हणून सातवाहनांची राजधानी. हाल राजाने गाथा जमविल्या त्या याच राजकुळात. आणि आपण प्रत्येक संकल्पात ज्याचा उच्चार करतो तो शालिवाहन शकही लोकपरंपरा याच गावाशी जोडते. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याचे टिपण आहे. त्यात पैठण हे भडोचच्या बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, असे सांगितले आहे. तगर म्हणजे आपले तेर, गोरोबाकाकांचे गाव. इथला अकीक गाड्यांत भरून भडोचला जाई, आणि वाट अशी की मोठमोठ्या टापूंत रस्ता म्हणून नाहीच. वीस दिवस बैलांच्या चालीने! त्या गाडीवानाला वाटेत किती माणसे भेटत असतील, किती जण गाडीला हात लावून चार कोस बरोबर येत असतील, याचा विचार करीत मी नागघाटावर उभा होतो. याच ठिकाणी रेड्यामुखी वेद बोलविले, अशी परंपरा. चार भावंडे शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणापर्यंत पायी आली होती. निर्णय देणाऱ्या त्या शास्त्र्यांची नावे आज कोणी घेत नाही. रेडा मात्र घरोघरी ठाऊक आहे. मी स्वतः शास्त्र्यांच्या पंक्तीत वाढलेला आहे, म्हणून हे थोडे लागते.

नाथांच्या वाड्यात गेलो. देवाने श्रीखंड्या होऊन ज्यात पाणी भरले तो रांजण आहे. षष्ठीच्या आधी तो भरतात आणि तो भरला म्हणजे देव आला असे मानतात, हे वारकऱ्यांना मी काय सांगावे. मी रांजणापुढे हात जोडले खरे, पण डोळे मिटवेनात. मिटले की बाभूळ दिसे.

आता कीर्तनाचे सांगतो, आणि हेच सांगणे मला अवघड आहे. यजमानांनी आख्यान आधीच ठरवून दिले होते: काशीहून रामेश्वराला चाललेली गंगाजलाची कावड, आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात नाथांनी ओतलेले ते पाणी. बदलून मागावे असे एकदा मनात आले. पण कारण काय सांगणार? उभा राहिलो. आणि सज्जनहो, कीर्तन रंगले. चाळीस वर्षांत थोड्याच वेळा रंगले असेल तसे रंगले. गाढवाने मान वर केली तो प्रसंग आला तेव्हा बायाबापड्या पदराने डोळे पुसत होत्या, आणि माझाही आवाज भरून आला. तो खोटा नव्हता. ज्या तोंडाने चार वाजता 'पुढं बघू' म्हटले त्याच तोंडाने रात्री आठ वाजता ते शब्द आले, आणि दोन्ही वेळा तोंड माझेच होते. कीर्तन पडले असते तर मी समजलो असतो की शिक्षा झाली. ते पडले नाही. लोकांनी पायावर डोकी ठेवली, नारळ दिला, बुक्का लावला.

रात्री माझा एक बालमित्र भेटावयास आला. पाठशाळेत आम्ही एका दिव्याखाली कौमुदी घोकली. आता तो तिकडेच राहतो, मोठा व्युत्पन्न आहे. घाटावर बसून त्याला सारे सांगितले. म्हटले, "शास्त्रीबुवा, पैठण हे निर्णयाचे गाव. चारी दिशांनी लोक इथे व्यवस्था मागायला येत. मलाही एक दे."

तो हसला. म्हणाला, "बुवा, तू काही केलंस का? नाही. न करण्यातून पाप कसं उपजेल? अभावातून भाव होत नाही, हे आचार्यांनी नित्यकर्माच्या अकरणाविषयी सांगितलंय ते विसरलास? आणि तिला काय हवं होतं हे तुला ठाऊक नव्हतं. गाडी विचारत असेल, रस्ता विचारत असेल, नुसता रामराम करीत असेल. जिथं ज्ञान नाही तिथं दोष कसला? शिवाय तू कीर्तनाला शब्द दिलेला होतास. शेकडो माणसं बसली होती. तेही धर्मकार्यच."

मित्राने माझ्यासाठी तीन ढाली पुढे केल्या होत्या, आणि तिन्ही चांगल्या घडणीच्या होत्या. एकेक हातात घेऊन पाहिली.

पहिली, मी काही केले नाही ही. शास्त्रार्थ म्हणून ते बिनतोड आहे, पण माझ्या बाबतीत लागू पडत नाही. मी नुसता गप्प राहिलो असतो तर अभाव म्हटला असता. मी घड्याळ पाहिले, हिशेब केला, दोन शब्द उच्चारले, आणि त्या दोन शब्दांनी एका पोराचा ब्रेककडे निघालेला पाय मागे घेतला. भगवंतांनी गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मात कर्म पाहायला सांगितले आहे. पंडितांनी त्याच्यावर किती टीका लिहिल्या. मला त्याची टीका त्या मोटारीत मिळाली.

दुसरी, अज्ञानाची. होय, तिला काय हवे ते मला ठाऊक नव्हते. पण का नव्हते? काच खाली केली असती तर कळले असते. न कळणे हा एक प्रकार, आणि कळू नये अशी सोय करून बसणे हा दुसरा. प्रायश्चित्ताच्या ग्रंथांत अजाणता घडलेल्याला प्रायश्चित्त हलके सांगतात. पण काचेआड राखून ठेवलेल्या अज्ञानाला ते ग्रंथकार अजाणता म्हणतील, असे मला वाटत नाही.

तिसरी ढाल सर्वांत मजबूत. दिलेला शब्द, जमलेला समाज, देवाचे नाव. दोन धर्म एका वेळी उभे राहिले तर कोणता घ्यावा? इथे मी मित्राला आम्हां दोघांच्या गुरुजींचीच गोष्ट आठवून दिली. सावकाश आणि निरवकाश यांत निरवकाशाचे बळ अधिक, हे ते डाळ-तांदूळ एकत्र निवडून शिकवीत. म्हणत, ज्याला दुसरीकडे जागा आहे त्याने सरकावे, ज्याला दुसरीकडे जागाच नाही त्याला बसू द्यावे. कीर्तन सावकाश होते. सहाचे साडेसहा झाले असते तर टाळकऱ्यांनी आणखी दोन गजर केले असते आणि कोणाचे काही बिघडले नसते. बाभळीखालची बाई निरवकाश होती. तिची वेळ तेवढीच होती, ती मोटार तिथून जाण्याची.

"नैमित्तिक कर्म," शास्त्री पुटपुटला. मग बराच वेळ बोलला नाही.

ते त्याने नेमके म्हटले. नित्यकर्म रोजचे, त्याची वेळ आपण धरून असतो. नैमित्तिक हे निमित्त उभे राहिले की करायचे. ग्रहण लागले तर ग्रहणाचे स्नान. चार दिवसांनी सवड मिळाली म्हणून केले तर ते साधे अंघोळ होते. दोनच दिवस आधी अक्षय्य तृतीयेला मी यथाविधी उदकुंभाचे दान केले होते. कोरा माठ, वाळा घातलेले पाणी, वर आंबा, दक्षिणा. त्याची तिथी पंचांगात छापलेली असते. बाभळीखालच्या निमित्ताची तिथी कोण छापणार?

दुसऱ्या दिवशी पहाटे परत निघालो. मी पोराला म्हटले, बाभळीपाशी उभी कर. तिथे कोणी नव्हते. तीन दगडांची चूल होती, जुनी की नवी सांगता येईना. पुढे चहाच्या टपरीवर विचारले. टपरीवाला म्हणाला, "इथं रोज कोणी ना कोणी बसतंय महाराज. कोणती म्हणून सांगू?" कोणी आजारी पोर दवाखान्यात नेल्याचे ऐकले का, असेही विचारले. त्याने ऐकले नव्हते. म्हणजे वाईट काही झाले नसावे. बहुधा मागून एखादा टेम्पो आला असेल आणि ती चढून गेली असेल. मी तसे मनाला सांगतो. पण तिला पुढच्या टेम्पोने नेले तर पुण्य टेम्पोवाल्याचे. माझ्या खात्यावरचे काही त्याने पुसले जात नाही.

पखवाजी वाटेत म्हणाले, "महाराज, तसंही जागा कुठं होती?" मी मागे वळून पाहिले. पखवाज आरामात बसला होता. मांडीवर घेतला असता तर मायलेकरे मावली असती. आणि नुसते पाणी हवे असते तर जागा लागतच नव्हती.

हे वाचून कोणी म्हणेल, बुवा मोटारीवर घसरले. वारी पायीच करावी, चाकांनी धर्म बुडविला. तसे मी म्हणत नाही. चाके आहेत म्हणून गुडघे गेलेल्या म्हाताऱ्या आज पैठण, पंढरपूर, आळंदी एका फेरीत पाहून येतात. माझ्या आईने काशी काशी म्हणत डोळे मिटले. तिला मोटार मिळाली असती तर मी आनंदाने बसविले असते. आणि पायी चालणारा पडलेल्याला ओलांडून जात नाही, असेही नाही. दिंडीत आपला क्रमांक चुकू नये म्हणून, मुक्कामी आधी पोचून सावलीची जागा धरावी म्हणून, किती जण बसलेल्याला बसलेला ठेवून पुढे जातात, हे मी जन्मभर पाहिले आहे. मीही गेलो आहे.

फरक आहे तो एका ठिकाणी. मनाला लाज वाटायला थोडा वेळ लागतो. पायी जाणारा ओलांडून गेला तरी दहा पावलांत त्याला ती गाठते, आणि मागे वळायचे तर दहाच पावले. मोटारीत लाज येईपर्यंत अर्धा कोस मागे पडलेला असतो, आणि मग वाटते की आता काय, फार लांब आलो. मी बराच काळ हेच धरून बसलो होतो, की दोष वेगाचा. पण घरी आल्यावर एका रात्री उठून बसलो. फार लांब म्हणजे किती? पायी चालणाऱ्याला अर्धा कोस मागे जाऊन पुन्हा यायचे तर त्या उन्हात तास मोडला असता. मोटारीला चार मिनिटे. ज्या यंत्राने मला तिच्यापुढून पळविले, त्याच यंत्राने परत जाणे इतके स्वस्त केले होते की आजवर कोणत्याही यात्रेकरूला ते तसे मिळाले नव्हते. त्या वीस दिवसांच्या बैलगाडीवानाला तर मुळीच नाही. अडचण वेगाची नव्हती.

अडचण ही होती की 'फिरव' म्हणावे लागले असते. तेही मी दिलेल्या आज्ञेविरुद्ध, माझ्या टाळकऱ्याच्या मुलासमोर, पखवाज्यांसमोर. 'अरे, मघाशी मी चुकीचं बोललो, गाडी फिरव', हे आठ-दहा शब्द. शास्त्रार्थात प्रतिपक्षाला मी अनेकदा नमलो आहे. सभेत नमण्यातही एक ऐट असते. पण वीस-बावीस वर्षांच्या पोरापुढे, साध्या रस्त्यावर, काही कारण नसताना नमणे! पुलापर्यंत ते शब्द दोनदा ओठांवर आले आणि दोनदा मी खिडकीबाहेर ऊस बघितला.

नाथांची दुसरी एक गोष्ट पैठणचीच आहे. गंगेच्या तापलेल्या वाळवंटात आईमागून येताना एक पोर पडले होते, त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांच्या घरचे. नाथ स्नानाला निघालेले. त्यांनी ते उचलून कडेवर घेतले, शेंबूड पुसला आणि त्याच्या वस्तीत नेऊन पोचविले. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा समतेवर बोलतो, करुणेवर बोलतो, आणि ते खरेच आहे. पण त्या वेळी घाटावर माणसे असणार, ती बघत असणार, नाथांसारखा प्रतिष्ठित मनुष्य स्नानाच्या वाटेवरून उलटा फिरला हे त्यांनी पाहिले असणार. त्या उलट फिरण्यावर मी इतक्या वर्षांत कधी एक वाक्यही बोललो नव्हतो.

शास्त्र्याचे मध्यंतरी पत्र आले. त्याने खूप ग्रंथ पाहिले आहेत. लिहितो की, निमित्त टळून गेल्यावर मूळ कर्म करता येत नाही, तेव्हा प्रायश्चित्तच. आणि ते काय असावे याविषयी त्याचा स्वतःशी निर्णय होत नाही. मी उत्तरात लिहिले की, ग्रंथ मिटव, तुझे डोळे आधीच गेलेत.

पैठणच्या यजमानांनी या वर्षीही बोलावले आहे. तोच पोरगा, तीच मोटार, तीच वाट. त्याला मी परवा बसवून सांगितले, "हे बघ, या खेपेला वाटेत मी 'पुढं बघू' म्हटलं तर माझं ऐकायचं नाही. थांबवायची."

त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "थांबवीन की. पण मग महाराज, सहाला पोचवायची हमी माझ्याकडं नाही हं."

यजमानांना मी कीर्तनाची वेळ सातची ठेवायला कळविले आहे.